प्रकल्प नोंदी: वीज आणि सजीव, १७३० ते १८५०

१० जून २०२४

वाचनालयाच्या विज्ञानकक्षासाठी करावयाच्या भित्तिफलकांचा विषय आज निश्चित झाला. सजीवांवर विजेचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास कसा सुरू झाला आणि त्यातून विद्युतघट व मज्जातंतूंचे विज्ञान या दोन अगदी वेगळ्या गोष्टी कशा निघाल्या, हे फलकांवर मांडावयाचे आहे. केवळ सनावळीच्या क्रमाने फलक लावले, तर वाचणाऱ्याच्या हाती विक्षिप्त प्रयोगांची यादी तेवढी लागेल, असे मला वाटते. म्हणून प्रत्येक फलकाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे असे ठरवले आहे: या प्रयोगात सजीवाचे काम नेमके कोणते? तो वीज वाहून नेतो, वीज सोसतो, वीज दाखवतो, की वीज निर्माण करतो? अठराव्या शतकातील बहुतेक वाद या चार भूमिकांची सरमिसळ झाल्यामुळे पेटले, आणि त्या वेगळ्या करण्यातच या विषयाची प्रगती झाली, असे माझे मत आहे. वाचनातून ते टिकते का, हे पुढील नोंदींत पाहीन.

प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, शरीरशास्त्राचा भाग तपासून देणार आहेत. प्रदर्शनात खरा बेडूक वापरावयाचा नाही, ही त्यांची पहिली अट होती आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे.

१४ जून

पहिला फलक स्टीफन ग्रे यांचा. एप्रिल १७३० मध्ये लंडनच्या चार्टरहाउस या आश्रमसंस्थेत त्यांनी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला केसांच्या दोऱ्यांवर आडवे टांगले, घासलेली काचेची नळी त्याच्या पायांजवळ धरली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पितळेचे बारीक वर्खतुकडे ओढले जातात, हे दाखवले. मुलाचे वजन कपड्यांसह सुमारे ४७ पौंड होते, ही नोंदही त्यांनी ठेवली आहे. या प्रयोगात शरीराची भूमिका केवळ वाहकाची आहे. ग्रे यांना मुलाच्या प्रकृतीशी काहीच कर्तव्य नव्हते. त्यांना दोरा, धातूची तार आणि माणूस यांपैकी कशातून वीज जाते, एवढेच पाहावयाचे होते.

१७४५-४६ मध्ये पोमेरेनियात क्लाइस्ट आणि लायडनमध्ये मुशेनब्रुक यांच्या हाती लायडन बरणी, म्हणजे वीज साठवून ती एकदम सोडणारी काचेची बरणी, आली आणि चित्र पालटले. तोवर विजेने अंगावर काटा येई, बोटाला ठिणगी चावे. बरणीने मात्र दोन्ही दंड आणि छाती हादरू लागली. पॅरिसच्या आबे नोले यांनी १७४६ साली फ्रान्सच्या राजासमोर हातात हात धरून उभ्या केलेल्या १८० पहारेकऱ्यांमधून बरणीचा झटका पाठवला आणि ते सारे एकाच वेळी उसळले. हे दरबारी करमणुकीचे चित्र सर्वत्र छापले जाते. फलकावर मात्र ते लहान आकारात ठेवावे, असे मी ठरवले आहे.

२२ जून

दुसरा फलक रुग्णांचा आहे आणि त्याला अपेक्षेपेक्षा बराच अधिक वेळ लागला. बरणी हाती येताच स्वाभाविकपणे मनात येणारी शंका अशी, की इच्छा नसताना स्नायू हलवणारी ही शक्ती लुळ्या पडलेल्या स्नायूंनाही हलवील काय. जिनिव्हाचे जाँ जलाबेर यांनी १७४७ च्या अखेरीपासून एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराच्या वर्षानुवर्षे निकामी असलेल्या उजव्या हातावर उपचार केले, हाताचे एकेक स्नायू वेगळे उद्दीपित केले आणि हालचाल परतल्याचे १७४८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी स्नायूगणिक केलेली निरीक्षणे आजही वाचण्यासारखी आहेत. मात्र नोले यांनी पॅरिसमधील जायबंदी सैनिकांच्या रुग्णालयात पक्षाघाताच्या रुग्णांवर उपचार करून पाहिले होते, आणि त्यातून टिकाऊ असे काही निष्पन्न झाले नव्हते.

व्हेनिसचे पिवाती यांची कथा याहून विलक्षण आहे. काचेच्या नळीच्या आत औषधी द्रव्याचा लेप द्यावा, नळी बंद करून ती घासून विद्युतभारित करावी, म्हणजे औषधाचा अंश काचेतून बाहेर पडून रुग्णाच्या शरीरात शिरतो, असा त्यांचा दावा होता. तूरिनचे ब्यांकी यांनी रेचक हातात धरलेल्या माणसाला विद्युतभारित केले, तर ते न गिळताही त्याचा परिणाम होतो, असे कळवले. नोले यांनी १७४९ मध्ये सरळ इटलीचा प्रवास केला आणि तूरिन, व्हेनिस, बोलोन्या येथे जाऊन हे प्रयोग आपल्यासमोर करून दाखवावेत, अशी मागणी केली. त्यांच्या समोर दावे टिकले नाहीत. करमणुकीच्या चित्रातले नोले आणि हे नोले एकच, ही गोष्ट फलकावर ठळकपणे आली पाहिजे. दुसऱ्याचा प्रयोग प्रत्यक्ष जाऊन तपासणे ही त्या काळी सहज परवडणारी गोष्ट नव्हती.

फलकाचा शेवट बेंजामिन फ्रँकलिन यांच्या डिसेंबर १७५७ च्या पत्राने करीत आहे. पेनसिल्व्हेनियाच्या निरनिराळ्या भागांतून पक्षाघाताचे रुग्ण त्यांच्याकडे येत असत. मोठ्या बरण्यांचे झटके दिल्यावर पहिले काही दिवस अवयवात ऊब आणि थोडी हालचाल येई, मग सुधारणा थांबे, रुग्ण निराश होऊन घरी जाई आणि पुन्हा पूर्ववत होई, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही तात्पुरती सुधारणा रोजच्या येण्याजाण्याच्या व्यायामाने झाली, बरे होण्याच्या आशेने झाली, की विजेने झाली, हे आपल्याला सांगता येत नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली. तुलनेसाठी दुसरा गट ठेवण्याची पद्धत रूढ होण्याच्या फार आधीची ही शंका आहे. सजीव जेव्हा वीज सोसणारा असतो, तेव्हा त्याची आशाही प्रयोगात शिरते, हे फ्रँकलिन यांनी ओळखले होते.

२७ जून

वनस्पतींसाठी स्वतंत्र फलक करणार नाही. एक चौकट पुरेशी आहे. नोले यांनी मोहरीच्या बियांची दोन पात्रे ठेवली, एक विद्युतभारित आणि एक साधे, आणि विद्युतभारित पात्रातले कोंब लवकर वर आले, असे नोंदवले. पुढे बेर्तोलोन यांनी १७८३ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला आणि हवेतील वीज पिकापर्यंत आणण्याचे साधनही सुचवले. इंगेनहाउझ यांनी, ज्यांना आपण वनस्पती व सूर्यप्रकाश यांच्या अभ्यासासाठी ओळखतो, प्रयोग पुन्हा केले. इतर परिस्थिती सारखी ठेवली, तर फरक उरत नाही, असे त्यांना आढळले. चौकटीत एवढेच लिहिले आहे.

वाचनालयाचे कार्यवाह आज विचारत होते, की आपले जगदीशचंद्र बोस कुठे आहेत. त्यांचे वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादावरील काम १९०० च्या आसपासचे, म्हणजे आपली मर्यादा संपल्यानंतर अर्ध्या शतकाचे आहे. त्यांना चौकटीत बसवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्यासाठी वेगळा विभाग हवा, असे मी कार्यवाहांना सांगितले आणि ते त्यांना पटले.

५ जुलै

माशांचा फलक. पाकटांच्या जातीचा टॉर्पेडो मासा झटका देतो, हे प्राचीनांना ठाऊक होते. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि संधिवातावर जिवंत टॉर्पेडो लावावयास सांगतो. त्या काळी यात वीज आहे, ही कल्पना असणे शक्यच नव्हते. या कुळातील मासे अरबी समुद्रातही आहेत, त्यामुळे किनाऱ्यावरून आलेल्या पाहुण्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

जॉन वॉल्श १७७२ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल येथे गेले. माशाच्या पाठीला आणि पोटाला एकाच वेळी स्पर्श केला, तर झटका बसतो, तो धातूतून आणि माणसांच्या साखळीतून जातो, काच व लाख यांतून जात नाही, हे त्यांनी दाखवले. जॉन हंटर यांनी माशाचे विच्छेदन करून डोक्याच्या दोन्ही बाजूंना शेकडो उभ्या स्तंभांचे बनलेले अवयव असल्याचे दाखवले. त्यांनी एका अवयवात सुमारे ४७० स्तंभ मोजले, आणि प्रत्येक स्तंभात एकावर एक पातळ पडदे रचलेले होते. ही रचना नीट रेखाटून घ्यावी लागेल, कारण पुढे व्होल्टा यांच्या फलकावर तिची आठवण द्यावयाची आहे.

आक्षेप असा होता, की माशाजवळ ठिणगी दिसत नाही आणि हलके गोळे एकमेकांपासून दूर सरकत नाहीत, मग ही वीज कशी? याला उत्तर हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७७६ मध्ये दिले. त्यांनी आधी लाकडाचा व मग चामड्याचा कृत्रिम मासा केला, तो ४९ लायडन बरण्यांना जोडला आणि मिठाच्या पाण्यात ठेवला. पुष्कळ बरण्या अगदी हलक्या भारित केल्या, तर हाताला झटका जाणवतो, पण ठिणगी उडत नाही. रुंद पण उथळ पाटात पाणी पुष्कळ असते आणि तरी उंचावरून धो धो पडत नाही, तसे काहीसे. विजेचे प्रमाण आणि विजेचा दाब या दोन वेगळ्या राशी आहेत, ही समज एका माशाचे अनुकरण करताना स्पष्ट झाली, याचे मला विशेष वाटते. त्याच वर्षी वॉल्श यांनी दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या विद्युत वामेकडून लंडनमध्ये ठिणगीही मिळवली.

आता सजीव वीज निर्माण करतो, हे निदान दोन जलचरांपुरते सिद्ध झाले होते. मग बाकीच्यांचे काय, हा प्रश्न आपोआप उभा राहिला.

१३ जुलै

लुइजी गॅल्व्हानी. या फलकासाठी भिंतीचा सर्वांत मोठा भाग राखून ठेवला आहे.

त्यांची कथा बहुधा अशी सांगितली जाते, की बेडकाचा पाय अकस्मात हलला आणि शोध लागला. प्रत्यक्षात बोलोन्या विद्यापीठातील हे शरीररचनेचे अध्यापक १७८० पासून बेडकाचे मागचे पाय, कण्याचा थोडा भाग आणि त्यांना जोडणारे मज्जातंतू असे नमुने तयार करून स्नायूंवर विजेचे प्रयोग पद्धतशीरपणे करीत होते. जानेवारी १७८१ मधील घटना ही, की सहकाऱ्याने सुरीचे टोक मज्जातंतूला लावलेले असताना दूरच्या घर्षणयंत्रातून, म्हणजे घासून वीज निर्माण करणाऱ्या यंत्रातून, ठिणगी काढली गेली आणि पाय आखडले. यंत्र आणि बेडूक यांच्यात कोणतीही जोडणी नव्हती. गॅल्व्हानींनी ही घटना पुन्हा पुन्हा घडवून पाहिली. सुरी हाडाच्या मुठीने धरली, तर पाय हलत नाहीत. मुठीतील धातूच्या खिळ्यांना बोट लागले, तर हलतात. म्हणजे माणसाचे शरीरही त्या मंडलाचा भाग होते. आज आपण हे विद्युत प्रवर्तनाने समजावून देतो: यंत्रावरील भार एकाएकी नाहीसा झाला, की जवळच्या वाहकांतील प्रवर्तित भार पुन्हा जागा बदलतो आणि तो अल्पसा प्रवाह मज्जातंतूला पुरतो. या प्रयोगात बेडकाने वीज दाखवली, इतकेच. पण इतक्या दूरवरून आणि इतकी थोडी वीज दाखवणारे दुसरे साधन तेव्हा कोणाजवळही नव्हते.

त्यानंतर त्यांनी घरावर तार उभारून पावसाळी ढगांची वीज वापरली; आकाशात वीज चमकली, की पाय उसळत. मग सप्टेंबर १७८६ मध्ये त्यांनी कण्यात पितळी आकडे घालून नमुने लोखंडी कठड्यावर टांगले. हवा निरभ्र होती आणि काही घडत नव्हते. त्यांनी आकडे कठड्यावर दाबले, तसे पाय आखडू लागले. आकाशाशी त्याचा संबंध दिसेना. घरात आणून लोखंडी पत्र्यावर ठेवून आकडा पत्र्याला टेकवला, तरी तेच. धातू बदलले, की आखडण्याचा जोर बदलतो, आणि काच किंवा राळ वापरली, तर काहीच होत नाही, हेही त्यांनी नोंदवले.

येथेच वाट फुटते. आसपास यंत्र नाही, ढग नाही, मग वीज आली कुठून? गॅल्व्हानींचे उत्तर होते, की ती प्राण्यातच होती. स्नायू ही लहानशी लायडन बरणी आहे, तिच्या आत-बाहेर विरुद्ध भार आहेत आणि मज्जातंतू व धातूचा कमानदार तुकडा मिळून तिचा निचरा करतात. टॉर्पेडोविषयीची माहिती ताजी असताना हे अनुमान वावगे नव्हते. १७९१ मध्ये त्यांनी ते लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले.

बाईंनी फलकावरील ‘गॅल्व्हानींची चूक’ हे शीर्षक खोडावयास लावले. पेशीच्या आवरणाच्या दोन्ही बाजूंस विरुद्ध भार असतात, हे आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो, तेव्हा हा शब्द कुणासाठी वापरायचा, याचा विचार करावा, असे त्यांचे म्हणणे पडले. शीर्षक आता ‘वीज आली कुठून?’ असे आहे.

२० जुलै

आलेस्सांद्रो व्होल्टा पाव्हिया येथे भौतिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी १७९२ मध्ये गॅल्व्हानींचे प्रयोग करून पाहिले, प्रारंभी त्यांची वाखाणणीही केली आणि काही महिन्यांतच उलट बाजू घेतली. त्यांचा निर्णायक प्रयोग साधा आहे: दोन वेगळ्या धातूंचे तुकडे केवळ मज्जातंतूवरच, जवळजवळ टेकवले आणि एकमेकांस जोडले, स्नायूला स्पर्शच केला नाही, तरी पाय आखडतो. मग स्नायूच्या बरणीचा निचरा होतो, असे कसे म्हणावे? त्यांच्या मते वीज धातूंच्या भिन्नतेतून येते आणि बेडूक हे तिचे अत्यंत तरल मापक आहे; त्यांच्या सर्वांत संवेदनशील विद्युतमापकालाही न कळणारी वीज बेडकाच्या पायाला कळत असे.

मापक म्हणून बेडकाऐवजी स्वतःचे शरीरही चालेल, हे त्यांच्या लक्षात आले. जिभेच्या शेंड्यावर कथिल आणि मागे चांदी ठेवून दोन्ही जोडले, की आंबट चव येते. धातूंची अदलाबदल केली, की चव बदलते. अशाच चवीची नोंद झुल्त्सर यांनी शिसे आणि चांदी वापरून चाळीस वर्षांपूर्वी केली होती, पण तिला विजेशी कोणी जोडले नव्हते. जीभ हलत नाही, आखडत नाही. तिला चव कळते. त्यामुळे वीज केवळ स्नायूंना नव्हे, तर ज्या मज्जातंतूचे जे काम आहे त्या कामाला उद्युक्त करते, हा विचार व्होल्टांनी मांडला. पुढे त्यांनी धातूंच्या चकत्या एकावर एक रचून केलेल्या, वीज देणाऱ्या चळतीच्या कीर्तीखाली हा विचार झाकला गेला आहे, म्हणून तो फलकावर स्वतंत्र ओळीत घेतला.

२४ जुलै

प्रात्यक्षिकाच्या मेजासाठी व्होल्टांची चळत आज जुळवली. तांबटाकडून कापून आणलेल्या तांब्याच्या चकत्या, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले जाड टीपकागद, याच क्रमाने. एका जोडीमागे मल्टिमीटर पाऊण व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि जोड्या वाढवल्या, की आकडा चढत जातो. कागद फार ओला असला, तर वरच्या वजनाने पाणी निथळून चळतीच्या कडेने ओघळते आणि दाब उतरतो. ही अडचण व्होल्टांनाही आली होती, आणि म्हणून त्यांनी पेल्यांची माळ हा दुसरा प्रकार सुचवला, ज्यात मिठाच्या पाण्याच्या भांड्यांची रांग धातूच्या कमानींनी जोडलेली असते. पाहुण्यांना चळत जिभेला लावू द्यायची नाही. एक लहान दिवा आणि मापक पुरेत.

२० मार्च १८०० रोजी व्होल्टांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंचमध्ये पाठवलेल्या पत्रात या चळतीला कृत्रिम विद्युत अवयव म्हटले आहे आणि टॉर्पेडोच्या अवयवाशी तिची तुलना केली आहे. हंटर यांचे स्तंभांचे चित्र आणि ही चळत शेजारी शेजारी लावणार आहे. त्याच पत्रात चळतीची दोन टोके कानांत घालून आत खदखदल्यासारखा आवाज ऐकू आल्याचे आणि धोका वाटून तो प्रयोग पुन्हा न केल्याचेही त्यांनी लिहिले आहे. बॅटरीच्या जन्मपत्रात इतके शरीरशास्त्र आहे, हे वाचून मला नवल वाटले.

२ ऑगस्ट

चळतीने वाद संपला, असा समज आहे. तो पुसण्यासाठी गॅल्व्हानींचे उत्तर दाखवणे भाग आहे. १७९४ मध्ये बोलोन्यात निनावी प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत धातूविरहित प्रयोग आहे: कापलेल्या मज्जातंतूचे टोक त्याच पायाच्या स्नायूवर टेकवले, की स्नायू आखडतो. १७९७ मध्ये त्यांनी एका पायाचा मज्जातंतू दुसऱ्या पायाच्या मज्जातंतूला दोन ठिकाणी टेकवून दोन्ही पाय हलवून दाखवले. दोन धातू नाहीत, एकही नाही. व्होल्टांनी ओलसर पदार्थांतही भिन्नता असते, असे म्हणून आपला नियम ताणला. बाईंच्या मते हा प्रयोग सर्वांत मोलाचा, कारण कापलेली जागा आणि अखंड जागा यांच्यातील विद्युतदाबाचा फरक येथे प्रत्यक्ष काम करतो. गॅल्व्हानींनी नेपोलियनच्या छायेखालील सिसाल्पाइन प्रजासत्ताकाची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे त्यांचे पद गेले आणि ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. चळत त्यांनी पाहिली नाही.

व्होल्टांचे स्पष्टीकरणही जसेच्या तसे उरले नाही. केवळ स्पर्शाने वीज अखंड मिळत राहते, असे ते मानीत. ऊर्जा धातू आणि द्रावण यांच्यातील रासायनिक क्रियेतून येते, हे पुढे स्पष्ट झाले.

९ ऑगस्ट

गॅल्व्हानींचे भाचे जोव्हान्नी आल्दिनी यांनी १७ जानेवारी १८०३ रोजी लंडनमध्ये, फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर याच्या देहावर चळतीचे प्रयोग केले. जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. मुलांना हाच प्रसंग सर्वाधिक आवडेल, हे मला ठाऊक आहे. पण चार भूमिकांपैकी कोणतीही येथे अधिक स्पष्ट होत नाही. मृत्यूनंतर थोडा वेळ स्नायू उद्दीपनक्षम राहतात, हे आधीच माहीत होते. दोन ओळींची पट्टी ठेवली आहे, चित्र नाही.

१७ ऑगस्ट

शेवटचे दोन फलक. फ्लॉरेन्सचे नोबिली यांनी १८२७-२८ च्या सुमारास आपल्या सुधारित गॅल्व्हानोमापकाने, म्हणजे विजेचा अल्प प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने, बेडकातील प्रवाह मापला, मात्र तो उष्णतेमुळे आला असे मानले. मात्तेउच्ची यांनी पुढे अर्ध्या कापलेल्या मांड्यांची चळत रचली, प्रत्येकीची कापलेली बाजू पुढच्या अखंड बाजूला टेकवून, आणि मांड्या वाढवल्या तसा प्रवाह वाढला. एका पायाचा मज्जातंतू दुसऱ्या पायाच्या स्नायूवर ठेवून दुसरा आखडला, की पहिलाही आखडतो, हेही त्यांनी दाखवले. एक बेडूक वीज निर्माण करतो आणि दुसरा ती दाखवतो, असे भूमिकांचे वाटप येथे प्रथमच निर्विवाद झाले. बर्लिनमध्ये द्यु ब्वा-रेमाँ यांनी स्वतः गुंडाळलेल्या हजारो वेढ्यांच्या मापकाने स्नायू आखडताना हा प्रवाह घटतो, हे टिपले आणि १८४८ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. बेडकाची जागा मापकाने घेतली आणि बेडूक स्वतःच मोजला जाऊ लागला.

१८५० मध्ये क्योनिग्सबर्ग येथे हेल्महोल्ट्झ यांनी त्याच बेडकाचा मज्जातंतू स्नायूपासून दोन वेगळ्या अंतरांवर उद्दीपित केला आणि आखडण्यास लागणाऱ्या वेळांतील फरकावरून संदेशाचा वेग काढला: सेकंदाला सुमारे २७ मीटर. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांना हा वेग कधी मोजता येईल, असे वाटत नव्हते. तारेतील विजेच्या मानाने तो फार कमी आहे, त्यामुळे मज्जातंतू ही साधी तार नव्हे, हेही त्याच आकड्याने सांगितले. हा फलक छापावयास देण्यापूर्वी दोन अंतरांचे दोन वक्र एकमेकांवर काढून त्यांमधील आडवे अंतर दाखवावे लागेल; आलेख बाई काढून देणार आहेत, बाकीचे मजकूर सनबोर्डावर घेण्यासाठी पाठवले आहेत.